स्नोस्केटचे व्हिडिओ मोजपट्टी घेऊन कसे पाहावेत आणि बोर्डाची लांबी कशी ठरवावी

इंदुरात राहून स्नोस्केट (बर्फावर उभे राहून घसरायचा बोर्ड) विकत घेऊ पाहणाऱ्याला बोर्ड हातात घेऊन, त्यावर उभे राहून पाहण्याची सोय नसते. बोर्ड बहुधा परदेशातून मागवावा लागतो, त्यावर सीमाशुल्क आणि वाहतुकीचा खर्च चढतो, आणि लांबी चुकली तर परत पाठवणे इतके महाग पडते की चुकलेलाच बोर्ड माळ्यावर पडून राहतो. निर्णयासाठी हाताशी उरतात ते व्हिडिओ. आपण ते करमणूक म्हणून पाहतो. पण मोजपट्टी आणि कागद घेऊन बसले, तर त्यांतून पुष्कळ काही ठरवता येते, आणि या लेखाचा बराचसा भाग त्याच कामासाठी खर्च केला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : बोर्डाची लांबी स्वतःच्या उंचीवरून ठरवू नये. ती आधी बर्फावरून, मग वजनावरून आणि शेवटी पावलांवरून ठरवावी.

आधी प्रकार, मग लांबी

स्नोस्केट म्हणजे पाय न बांधता, नुसते उभे राहून बर्फावर चालवायचा बोर्ड. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी १९६५ साली मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून ‘स्नर्फर’ तयार केला, आणि त्याच्यावरही पाय बांधलेले नसत. पुढे स्नोबोर्डला पाय जखडणारे बंध आले. स्नोस्केटने मात्र स्केटबोर्डची मोकळीक राखली. पायाखालून बोर्ड फिरवणे, उलटवणे आणि पुन्हा त्यावर उतरणे जमते ते या मोकळिकीमुळेच.

खरेदीच्या दृष्टीने दोन प्रकार नीट ओळखता आले पाहिजेत. सिंगल डेकमध्ये एकच फळी असते. ती प्लॅस्टिकची असते किंवा लाकडाची असून तिच्या तळाला प्लॅस्टिकचा थर असतो, आणि तळावर लांबीच्या दिशेने खाचा असतात, ज्यांच्या आधाराने बोर्ड सरळ रेषेत धावतो. तिला पोलादी कडा नसतात. बायडेकमध्ये वर स्केटबोर्डसारखी फळी, तिच्याखाली ट्रक, म्हणजे फळीला जोडलेले धातूचे आधार, आणि ट्रकच्या खाली एकच आखूड स्की असते. या स्कीला सबस्की म्हणतात आणि तिला पोलादी कडा असतात, त्यामुळे कडक उतारावरही वळण धरता येते. याखेरीज चाकांच्या जागी चार छोट्या स्की लावलेले बोर्ड आणि केवळ भुसभुशीत बर्फासाठी केलेले रुंद पावडर-सर्फ बोर्डही मिळतात, परंतु पहिल्या खरेदीत त्यांच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

इथे एक सापळा आहे. सिंगल डेकची लांबी इंचांत सांगतात आणि ती फळीची असते. बायडेकची लांबी म्हणून जो आकडा दिलेला असतो तो बहुधा सबस्कीचा असतो आणि सेंटिमीटरमध्ये असतो. ३८ इंची सिंगल डेक म्हणजे साधारण ९६.५ सें.मी., म्हणजे कागदावर तो ९७ सें.मी.च्या बायडेकइतकाच दिसतो, पण चालवायला दोहोंचा काही संबंध नाही. तुलना करण्याआधी सगळे आकडे एकाच मापात लिहून काढावेत आणि प्रत्येकापुढे ‘फळी’ की ‘सबस्की’ हे नोंदवावे. सर्वसाधारणपणे सिंगल डेक ३३ ते ३९ इंचांचे आणि सबस्की सुमारे ९५ ते १५० सें.मी.च्या आढळतात.

व्हिडिओ निवडणे

संगीत लावून, दर दोन सेकंदांनी दृश्य बदलत नेलेले व्हिडिओ आपल्या कामाचे नाहीत. त्यांत एक जमलेली करामत दिसते, तिच्याआधी फसलेले प्रयत्न कापून टाकलेले असतात, आणि बोर्ड त्या माणसाला सोयीचा आहे की त्याच्या कौशल्याने तो निभावून नेतो आहे, हे कळायला मार्ग राहत नाही. शोधावेत ते एकाच दृश्यात वरपासून खालपर्यंत आलेले, मूळ आवाज ठेवलेले व्हिडिओ. चालवणारा करामती न करता नुसती डावी-उजवी वळणे घेत उतरत असेल तर फारच उत्तम, कारण लांबीचे गुणदोष वळणांतच उघडे पडतात. खालच्या वर्णनात बोर्डाची लांबी, चालवणाऱ्याचे वजन किंवा जागेचे नाव दिले असेल तर ते आधी टिपून ठेवावे.

पाहताना मोबाइल बाजूला ठेवून संगणक घ्यावा. यूट्यूबवर वेग ०.२५ पर्यंत खाली आणता येतो, आणि व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरची स्वल्पविरामाची व पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेका चौकटीने मागे-पुढे सरकते. पुढचे सगळे मोजमाप या दोन कळांवर अवलंबून आहे.

पडद्यावरून लांबी काढणे

वर्णनात लांबी दिलेली नसेल तर बूट ही आपली मोजपट्टी समजावी. बोर्ड कॅमेऱ्याला समांतर, म्हणजे पूर्ण बाजूने दिसत असेल आणि चित्राच्या मध्यभागी असेल अशी चौकट शोधावी. त्याच चौकटीत किंवा लगतच्या चौकटीत, कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावर, एक बूट पूर्ण लांबीचा दिसला पाहिजे. बोर्डवर उभ्या माणसाचे बूट तिरपे असतात, म्हणून तो बोर्डवर चढण्यापूर्वीचा किंवा बोर्डाशेजारी उभा असतानाचा क्षण पाहावा. पडद्यावर साधी प्लॅस्टिकची पट्टी धरून दोन्ही मोजावेत. समजा बूट २८ मि.मी. आणि फळी ८४ मि.मी. भरली, तर फळी बुटाच्या तिप्पट झाली. प्रौढ माणसाचा हिवाळी बूट बाहेरून ३० सें.मी. धरला तर फळी ९० सें.मी., म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. एका चौकटीवर विसंबू नये. तीन-चार वेगवेगळ्या चौकटी मोजून, जो आकडा अगदीच फटकून असेल तो सोडून द्यावा.

भिंगाने फसवणूक होते तीही ओळखता यायला हवी. अशा व्हिडिओंत अतिरुंद भिंग फार वापरतात, आणि त्यात कॅमेऱ्याजवळची वस्तू फुगते व कडेची वाकते. मागचा विजेचा खांब किंवा इमारतीचा कोपरा वाकलेला दिसला की ती चौकट मोजमापातून बाद करावी. काठीला कॅमेरा लावून स्वतःच स्वतःचे चित्रण केलेले व्हिडिओ तर या कामी निरुपयोगीच, कारण त्यांत पुढचे टोक होडीएवढे आणि मागचे टोक चमच्याएवढे दिसते.

दुसरी पद्धत ढोबळ आहे, पण झटपट होते. चालवणारा बोर्ड उभा टेकवून शेजारी उभा असेल तर बोर्डाचे टोक शरीरावर कुठे येते ते पाहावे. १७० सें.मी. उंचीच्या माणसाच्या शेजारी ३६ इंची फळी कमरेच्या हाडाजवळ, बेंबीच्या खाली राहते, १२० सें.मी.चा सबस्की छातीच्या मध्यापर्यंत येतो. आणि १५० सें.मी.चा थेट हनुवटीच्या आसपास पोहोचतो. ही तुलना व्हिडिओतल्या माणसाचा बोर्ड ओळखण्यापुरतीच वापरावी. स्वतःच्या हनुवटीला लावून बोर्ड निवडण्याचा स्नोबोर्डवाल्यांचा रिवाज इथे लागू पडत नाही.

बर्फ ओळखणे

लांबी कळली तरी ती कोणत्या बर्फावर चालली आहे हे न कळता तिचा उपयोग नाही. बोर्डामागे उडणारा बर्फ धुरासारखा हवेत तरंगत राहिला तर तो कोरडा, भुसभुशीत बर्फ आहे. ढेकळे उडून लगेच खाली पडत असतील तर ओला. काहीच उडत नसेल आणि पत्र्यावर खरवडल्यासारखा कर्कश आवाज येत असेल तर बर्फ दाबून कडक झालेला किंवा गोठलेला आहे, आणि अशा पृष्ठभागावर सिंगल डेक वापरणारा माणूस वळणे न घेता सरळच जाताना दिसेल, कारण त्याच्या बोर्डाला धरायला कडा नाहीत. उताराचा अंदाज कॅमेऱ्यावर सोडू नये, कारण व्हिडिओत उतार नेहमी प्रत्यक्षापेक्षा सौम्य वाटतो. मागची देवदाराची झाडे किंवा खांब सरळ उभे धरून जमीन त्यांच्याशी किती कोन करते ते पाहावे.

मग बोर्डाची टोके पाहावीत. भुसभुशीत बर्फात आखूड बोर्डाचे नाक बुडत राहते आणि चालवणारा सतत मागच्या पायावर रेललेला दिसतो. कडक बर्फावर आखूड सबस्की वेगात गेली की तिचे नाक डावी-उजवीकडे वळवळते. उलट, लांब सबस्की संथ वेगात वळवताना माणसाला खांदे आणि कंबर जोर लावून फिरवावी लागते, आणि वळण सुरू झाले तरी शेपूट उशिरा येते. या तीन खुणा एकदा डोळ्यांत बसल्या की वर्णन न वाचताही बोर्ड लांब पडतो आहे की आखूड, हे सांगता येऊ लागते.

आपली लांबी : बर्फ, वजन, पावले

आता स्वतःकडे वळू. आपण हा बोर्ड नेणार कुठे? इंदूरकडच्या मंडळींचा बर्फ म्हणजे बहुतेक वेळा गुलमर्ग, औली किंवा मनालीजवळचे सोलंग. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे, आणि तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवतच्या बाजूला ३,९०० मीटरच्या पुढे नेतो. वरचा बर्फ खोल आणि भुसभुशीत असतो, आणि तिथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे. तो भाग नवशिक्याचा नव्हे आणि पाय न बांधलेल्या बोर्डाचा तर मुळीच नव्हे. आपले क्षेत्र म्हणजे खालची कुरणे, जिथे पर्यटकांच्या पायांनी आणि स्लेजने बर्फ दाबला जातो आणि उतार सौम्य असतो. त्या बर्फासाठी ३६ इंचांच्या आसपासचा सिंगल डेक किंवा मध्यम सबस्कीचा बायडेक पुरतो. व्हिडिओत जपानच्या जंगलात १५० सें.मी.च्या बोर्डावर तरंगणारा माणूस पाहून तोच बोर्ड सोलंगच्या तुडवलेल्या उतारावर आणला, तर तो वळवता वळवता दम निघेल.

वजनाचा हिशेब बायडेकमध्ये महत्त्वाचा, कारण सगळा भार एका अरुंद सबस्कीवर येतो. माझा ठोकताळा असा : ५५ किलोपर्यंत वजन असेल तर ९५ ते १०५ सें.मी., ५५ ते ७५ किलोंना १०५ ते १२० सें.मी., आणि त्याहून जास्त वजनाला ११५ ते १३० सें.मी. करामतींची हौस असेल तर त्या त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे आणि नुसते वेगाने, स्थिरपणे उतरायचे असेल तर वरच्या टोकाकडे जावे. भुसभुशीत बर्फच हवा असेल तर १५ ते २५ सें.मी. वाढवावेत. वजन मोजताना जाड जॅकेट, बूट आणि पाठीवरची पिशवी धरावी. थंडीच्या कपड्यांनी चार-पाच किलो सहज वाढतात.

पावलांचा हिशेब सिंगल डेकमध्ये निर्णायक ठरतो, आणि तो करण्यासाठी बर्फाची गरज नाही. घरात जागच्या जागी एक छोटी उडी मारून गुडघे वाकवून उतरावे, पाय जिथे पडतील तिथेच ठेवावेत आणि एका पावलाच्या मध्यापासून दुसऱ्या पावलाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. समजा ते ४५ सें.मी. आले. बुटाची रुंदी ११ सें.मी. धरली तर दोन्ही पायांना मिळून सपाट जागा सुमारे ५६ सें.मी. लागते. बोर्डाचे नाक आणि शेपूट वर वळलेली असतात. प्रत्येकी १६ सें.मी. धरल्यास ३६ इंची, म्हणजे ९१ सें.मी.च्या फळीत ५९ सें.मी. सपाट भाग उरतो आणि पाय नीट मावतात. ३३ इंचीत, म्हणजे ८४ सें.मी.मध्ये तो ५२ वर येतो, आणि एक पाय चढावर चढतो. करामती करणाऱ्याला ते चालते, कारण त्याला मागचा पाय शेपटीवरच हवा असतो. नवशिक्याला ते चालत नाही. बोर्डाच्या पानावर नाक आणि शेपटीची मापे दिली असतील तर हे १६ काढून तिथे खरा आकडा घालावा.

लांबीबरोबर रुंदीही पाहावी लागते. बूट बोर्डावर आडवा नसून तिरपा, साधारण ६५ अंशांच्या कोनात असतो. त्यामुळे ३० सें.मी.चा बूट रुंदीच्या दिशेने सुमारे २७ सें.मी. जागा व्यापतो. ९ इंची फळी २३ सें.मी. रुंद असते, म्हणजे बूट दोन्ही बाजूंना दोन-दोन सें.मी. बाहेर राहतो, ८ इंची फळीवर साडेतीन-साडेतीन. बायडेकमध्ये फळी बर्फापासून चांगली उंच असल्याने हे खपते. सिंगल डेक मात्र बर्फाला जवळजवळ टेकलेला असतो, आणि वळताना बुटाची चवड बर्फात रुतली की बोर्ड थांबतो आणि माणूस पुढे जातो. मोठ्या पायांच्या माणसाने आधी रुंदी ठरवून मगच लांबी निवडावी.

फरशीवरची परीक्षा

आकडे जुळले तरी पैसे भरण्यापूर्वी एक परीक्षा जरूर घ्यावी. फ्रीज किंवा कूलरच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन आपल्या मनात असलेल्या दोन लांबींच्या पट्ट्या पूर्ण रुंदीसह कापाव्यात, नाक आणि शेपूट जिथून वळते तिथे स्केचपेनने रेघ मारावी. हल्लीच्या घरांत दोन फुटी फरशी सर्रास असते, त्यामुळे फरशीचे सांधे आयती मोजपट्टी होतात : ३६ इंची पट्टी बरोबर दीड फरशी व्यापते. ज्या बुटांनी बर्फात जायचे तेच बूट घालून पट्टीवर उभे राहावे, गुडघे वाकवावेत, भार पुढच्या पायावरून मागच्या पायावर न्यावा, आणि शेजाऱ्याकडून वरून व बाजूने फोटो काढून घ्यावेत. आमच्या टिळकनगरात एका मुलाने हे पाहून विचारले होते, “काका, पुठ्ठ्यावर उभं राहून काय कळणार?” उभे राहून कळते ते एवढेच, की पाय रेघेच्या आत आहेत की बाहेर, आणि खरेदीत नेमके तेवढेच कळायला हवे असते.

पुढे हालचालीचा सराव हवा असल्यास चार इंची पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणून त्यावर जुनी फळी ठेवून तोल सांभाळण्याचा सराव करता येतो. पाइप फिरून निसटतो, म्हणून दोन्ही बाजूंना गादी आणि डोक्यावर हेल्मेट असावे. चाके काढलेला स्केटबोर्ड गवतावर ठेवून उड्या आणि बोर्ड फिरवणे शिकता येते, फक्त घसरण्याचा भाग तेवढा राहतो. मध्य प्रदेशात स्केटबोर्ड ही वस्तू आता अगदीच अनोळखी नाही. पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या गावात २०१५ साली खेड्यातले स्केटपार्क उभे राहिले आणि तिथली मुले त्यावर तयार झाली. ज्याला स्केटबोर्डवर ऑली, म्हणजे हात न लावता बोर्डासकट उडी, जमते, त्याने पहिला स्नोस्केट एखादा इंच आखूड घेतला तरी हरकत नाही.

नेणे आणि वापरणे

लांबीचा एक परिणाम प्रवासात जाणवतो. बहुतेक विमान कंपन्या सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सें.मी.ची मर्यादा धरतात. ३६ इंची सिंगल डेक पिशवीसकट त्यात आरामात बसतो, १२० सें.मी.चा बायडेक ट्रकसह बांधला तर मर्यादेला टेकतो किंवा ओलांडतो, म्हणून सबस्की सुटी करून सपाट बांधावी आणि तिकीट काढतानाच क्रीडासाहित्याचे नियम वाचून घ्यावेत. रेल्वेने जायचे तर मालवा एक्स्प्रेस इंदूरहून कटऱ्यापर्यंत जाते, आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्याने हा मार्ग सोपा झाला आहे. बोर्ड बर्थखाली सरकवता येतो, फक्त पोलादी कडांना फाटक्या पाइपाचे किंवा कापडाचे आवरण घालावे, नाहीतर शेजाऱ्याची बॅग फाटेल.

बर्फावर पोहोचल्यावर आधी तिथल्या माणसांना विचारावे की पाय न बांधलेला बोर्ड कोणत्या उतारावर चालवू देतात. पायाला किंवा कमरेला जोडलेली दोरी, म्हणजे लीश, लावल्याशिवाय उतरू नये. निसटलेला बोर्ड खाली खेळणाऱ्या पोरांवर जाऊन आदळतो. हेल्मेट आणि मनगटाचे संरक्षक घालावेत. सपाट तळव्याचे, ओल न शिरणारे बूट घ्यावेत, कारण स्नोबोर्डच्या कडक बुटांत घोटा वळत नाही आणि स्नोस्केट घोट्यानेच चालतो.

पहिल्याच दिवशी स्वतःचा व्हिडिओ काढावा. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, उताराला आडवा, आठ-दहा मीटर अंतरावर धरायला सांगावा, आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते म्हणून मधल्या वेळात तो आतल्या खिशात ठेवावा. संध्याकाळी खोलीवर बसून तो चौकटीचौकटीने पाहावा. नाक बुडते आहे का, वेगात वळवळते आहे का, शेपूट उशिरा येते आहे का, या वरच्याच तीन खुणा शोधाव्यात. बायडेकमध्ये दोष दिसला तर फळी तीच ठेवून पुढच्या हंगामासाठी फक्त सबस्की दहा सें.मी.ने बदलता येते, मात्र नव्या सबस्कीची भोके आपल्या ट्रकशी जुळतात की नाही हे मागवण्याआधी विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे.